पान उलटून पाहिल्याशिवाय

बेसिलची पाने पिवळी पडू लागली तेव्हा झाडाला लोह कमी पडते आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. मुलुंडमधील आमच्या चौथ्या मजल्यावरच्या पूर्वेकडील गॅलरीत त्या वर्षी मी इटालियन जातीच्या बेसिलची आठ रोपे बियांपासून वाढवली होती. जुलैचा दुसरा आठवडा होता, पाऊस तीन दिवस थांबलेला नव्हता, आणि पानांच्या मुख्य शिरा हिरव्या राहून त्यांच्यामधला भाग फिकट पिवळा होत चालला होता. लोहाच्या कमतरतेचे वर्णन साधारण असेच वाचलेले असल्यामुळे मी लोहाचे द्रावण आणून दोनदा फवारले. पाने आणखी भिजली, एवढेच त्यातून साधले. ऑगस्ट उजाडेपर्यंत आठपैकी सहा रोपांची पाने तपकिरी होऊन गळून गेली होती. उरलेल्या दोन रोपांपैकी एकाचे पान मी एका पहाटे पहिल्यांदाच उलटून पाहिले, तेव्हा वरून जिथे पिवळा डाग होता नेमक्या त्याच जागी खालून करड्या-जांभळ्या रंगाची मऊ लव पसरलेली दिसली. तो केवडा रोग होता, आणि तो तिथे किमान तीन आठवडे तरी माझी वाट पाहत असावा.

त्या दिवसापासून गॅलरीत दोऱ्याला बांधलेले एक दहापट भिंग लटकते आहे, सोनार आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसे, आणि कुंड्यांच्या शेजारी एक वही आहे. तुळस, पुदिना, बेसिल, गवती चहा, कोथिंबीर, कढीपत्ता ही आपल्याकडे खिडकीच्या ग्रीलमध्येसुद्धा वाढवली जाणारी झाडे आहेत, आणि त्यांची पाने आपण कच्ची, नुसती धुऊन खातो. गुलाबावर किंवा जास्वंदीवर एखादे औषध अंदाजाने मारले तर फार तर झाड बिघडते. पुदिन्यावर मारलेले औषध दुसऱ्या दिवशी चटणीत येते. म्हणून या झाडांच्या बाबतीत रोगाचे नाव आधी नक्की करायचे आणि मगच हात चालवायचा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ती ओळख घरच्या घरी कुठपर्यंत पटवता येते, ते पाच पावसाळ्यांच्या नोंदींवरून इथे लिहीत आहे.

आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत पानांच्या रोगांसाठी जे शब्द आहेत त्यांतच निम्मी ओळख सामावलेली आहे. पानावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली की भुरी, पानाखाली लव आणि वर पिवळे डाग दिसले की केवडा, गंजाच्या रंगाचे फोड आले की तांबेरा, आणि भाग वाळून भाजल्यासारखा झाला की करपा. या चार शब्दांत रंग आहे, पोत आहे आणि जागाही आहे. दुकानात जाऊन ‘झाडाला फंगस लागला आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा मात्र यातले सगळेच गळून जाते आणि समोरचा माणूस हाताला येईल ते पाकीट पुढे करतो.

केवड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मुंबईच्या पावसाळ्याशी त्याचे विशेष सख्य आहे. बेसिलवर तो आणणाऱ्या जीवाचे नाव पेरोनोस्पोरा बेलबाहरी. स्वित्झर्लंडमध्ये २००१ मध्ये बेसिलच्या लागवडीत हा रोग आढळला, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तो २००७ मध्ये पोहोचला, आणि त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले ते २००९ मध्ये. इतक्या थोड्या वर्षांत तो खंडोखंडी पसरला याचे एक मोठे कारण म्हणजे तो बियांबरोबर प्रवास करू शकतो. माझ्या पाकिटातल्या बियांतून तो आला की वाऱ्याने आला, हे आता सांगता येणार नाही. पण तेव्हापासून मी नव्या बियांची रोपे जुन्या रोपांच्या शेजारी लगेच नेऊन ठेवत नाही.

काटेकोरपणे पाहिले तर केवड्याचा जीव ही खरी बुरशी नव्हेच. तो ऊमायसीट या गटातला आहे, आणि वंशाने त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी अधिक जवळचे आहे. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका प्रामुख्याने कायटिनच्या आधाराने उभी असते, तर या गटात ते काम सेल्युलोज आणि त्याच्यासारखे पदार्थ करतात. हा फरक केवळ प्रयोगशाळेपुरता असता तर मी इथे तो लिहिला नसता. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक, जे छोट्या पुड्यांतून सहज मिळते आणि सगळ्यावर रामबाण म्हणून दिले जाते, ते या गटातल्या जीवांवर चालत नाही. म्हणजे रोगाचे नाव चुकले तर विष पोटात जाते आणि रोगही तसाच राहतो.

केवडा ओळखण्याची वेळ पहाटेची. या जीवाचे बीजाणू रात्री, अंधारात आणि दमट हवेत तयार होतात. पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून झाडाच्या फांद्यांसारखे बारीक दांडे बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणू धरतात. इस्राएलमधल्या संशोधकांनी तर असे दाखवले आहे की रात्रभर रोपांवर प्रकाश ठेवला तर हे बीजाणू धरतच नाहीत. सकाळी ऊन चढले, वारा सुटला, की लव झडते आणि दुपारी तेच पान उलटून पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढ्या काळात पानाची खालची बाजू पूर्ण कोरडी अशी क्वचितच राहते. मी सकाळी सहाच्या सुमारास पाहते. भिंगाखाली ती लव कोळ्याच्या जाळ्यासारखी सलग दिसत नाही. करड्या गवताचा एक बुटका गालिचा अंथरलेला आहे आणि तो मोठ्या शिरेपाशी येऊन एकदम थांबतो, असे दिसते. शिरेची ही कुंपणासारखी मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण वरच्या बाजूचा पिवळा डागही त्यामुळेच कोनाकोनाचा होतो.

लोहाची कमतरता आणि केवडा यांत माझी जी गफलत झाली ती टाळण्यासाठी आता मी दोन गोष्टी पाहते. लोह कमी पडले तर सर्वांत कोवळी, शेंड्याची पाने आधी फिकटतात आणि त्यांतल्या बारीक शिरांचेही हिरवे जाळे स्पष्ट उठून दिसते. केवडा बहुधा खालच्या, दाटीतल्या, उशिरा वाळणाऱ्या पानांपासून सुरू होतो, आणि त्याच रोपावर एका पानाला डाग तर शेजारच्या पानाला काहीच नाही, अशी विषमता असते. कमतरता झाडाच्या रसातून सगळीकडे सारखी उतरते. रोग मात्र बीजाणू जिथे पडला तिथून सुरू होतो.

याच घराण्यातला द्राक्षावरचा केवडा नाशिककडच्या बागायतदारांना चांगलाच परिचित आहे. त्यांच्या तोंडी तो ‘डाऊनी’ असतो. फ्रान्समध्ये या रोगाने द्राक्षबागा उद्ध्वस्त होत असताना पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या असे ध्यानात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र टिकून आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. त्यातूनच १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण पुढे आले, जे आपल्याकडे आजही १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी या एक टक्क्याच्या प्रमाणात केले जाते. ही गोष्ट मला प्रिय आहे ती मिलार्दे यांच्या नजरेसाठी. चटणीच्या पुदिन्यावर किंवा सॅलडच्या बेसिलवर मोरचूद मारावे, असे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही.

भुरीचा हंगाम वेगळा. धो धो पावसात ती दिसत नाही, कारण तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट सततचे पाणी तिला मानवत नाही. पाऊस सरून नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री जरा थंडावल्या की पुदिन्यावर आणि कोथिंबिरीवर ती हळूच उगवते. ती पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि फक्त सर्वांत वरच्या थरातल्या पेशींत आपली शोषकांगे रोवते, म्हणून ती बोटाने पुसता येते आणि पुसल्यावर खालचे पान काही काळ जवळजवळ निरोगी दिसते.

आमच्याकडे भुरीच्या ओळखीत एक अडचण येते, जी बागकामाच्या परदेशी माहितीत मला कुठे वाचायला मिळाली नाही. आमच्या गल्लीत गेली तीन वर्षे एकामागून एक इमारती पाडून नव्याने बांधल्या जात आहेत, आणि सिमेंटची पांढरी धूळ रोज पानांवर बसते. पहिल्या हिवाळ्यात मी त्या धुळीलाच भुरी समजून पुदिन्याची अर्धी कुंडी छाटून टाकली होती. धूळ पानावर सर्वत्र सारखी बसते, ग्रीलवर आणि कुंडीच्या काठावरही तेवढीच बसते, आणि एकदा पाण्याने धुतली की दुसऱ्या दिवशी पिकल्या पानावर आणि कोवळ्या पानावर सारख्याच प्रमाणात परत येते. भुरीचे आधी गोल ठिपके होतात, नाण्यासारखे. ते वाढत एकमेकांत मिसळतात. भिंगाखाली धुळीचे कण सुटे, कोनदार आणि चमकणारे दिसतात, तर भुरीत बारीक तंतूंचे जाळे आणि त्यावर उभ्या राहिलेल्या बीजाणूंच्या माळा असल्याचे जाणवते. आणखी एक पांढरा डाग म्हणजे क्षारांचा. महापालिकेचे तलावांचे पाणी मृदू असते, त्याचा डाग पडत नाही. पण सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी पानांवर उडवले की थेंब वाळल्यावर कड असलेली पांढरी वर्तुळे उरतात. ती लिंबाचा रस लावलेल्या कापसाने विरघळून जातात.

खरी भुरी असेल तर दाटी विरळ करणे आणि रोगट पाने काढणे एवढ्यावर कुंडीतले बरेचसे भागते. ब्राझीलमधील वाग्नर बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये काचघरातल्या झुकिनीच्या भुरीवर गाईचे दूध पाण्यात मिसळून फवारल्याचा चांगला परिणाम प्रसिद्ध केला होता, आणि साधारण एक भाग दूध नऊ भाग पाणी हे प्रमाण त्यातूनच अनेक घरगुती बागांत रूढ झाले. मी ते पुदिन्यावर करून पाहिले आहे. नव्या पानांवर भुरी कमी आली, जुन्या पानांवरची गेली नाही, आणि उन्हे चढायच्या आत फवारले नाही तर आंबूस वास येतो, एवढी नोंद माझ्या वहीत आहे.

पुदिन्याचा तांबेरा ओळखायला सर्वांत सोपा आणि घालवायला मला सर्वांत कठीण गेला. त्याच्या बुरशीचे नाव पक्सिनिया मेंथी. पर्सून या शास्त्रज्ञांनी १८०१ मध्ये ते दिलेले आहे. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला आपले जीवनचक्र पूर्ण करायला दारुहळदीच्या कुळातले दुसरे झाड लागते, पण पुदिन्याच्या तांबेऱ्याचे असे काही अडत नाही. त्याच्या बीजाणूंच्या सगळ्या अवस्था पुदिन्यावरच पार पडतात. वरून पानावर फिकट ठिपके दिसतात, आणि उलटून पाहिले की त्यांच्याच खाली दालचिनीच्या रंगाचे, मोहरीहून लहान फोड. फोड पिकला की पानाची साल फाटते आणि आतली भुकटी मोकळी होते. पुढे त्याच जागी काळपट फोड येतात. मी पानाची खालची बाजू पांढऱ्या रुमालावर हलकेच घासते. तांबेरा असेल तर रुमालावर विटकरी रेघ उमटते, आणि ती पाण्याने झटकन निघत नाही. लाल कोळ्यांच्या उपद्रवानेही पुदिना तांबूस दिसू लागतो. पण त्याची रुमालावर अशी भुकटी येत नाही, आणि भिंगाखाली बारीक जाळी व चालणारे ठिपके दिसतात.

माझ्या कुंडीतला तांबेरा मी स्वतःच बाजारातून आणला होता. जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवून मुळे फुटली की कुंडीत लावायची, ही आपली नेहमीची पद्धत आहे. त्या काडीच्या खालच्या दोन पानांवर फोड होते आणि मी ते मातीचे डाग समजले. आता जुडी निवडताना लावण्यासाठी बाजूला काढलेल्या प्रत्येक काडीची पाने उलटून पाहते.

तुळशीवरचे ठिपके हा मात्र गुंतागुंतीचा विषय आहे, आणि इथे मी शेजारच्या माईंची गोष्ट सांगते. त्यांच्या दारातल्या वृंदावनातली तुळस गेल्या वर्षी आश्विनात आकसू लागली. पाने वळली, वरून बारीक पांढुरके बिंदू दिसू लागले, खालून काळे ठिपके. जवळच्या एका रोपवाटिकेत त्यांनी पान न नेता नुसते सांगितले, आणि तिथून त्यांना बुरशीनाशकाची पूड मिळाली. तीन आठवड्यांत तीन फवारण्या झाल्या होत्या.

“अगं, दृष्टच लागली माझ्या तुळशीला,” असे त्या मला एका संध्याकाळी म्हणाल्या. “औषध मारूनसुद्धा काळे डाग वाढतच चाललेत.”

“माई, एक पान उलटून बघू का?”

“आत्ता नको. दिवेलागणीची वेळ झाली, तिन्हीसांजेला तुळशीला हात लावू नये. उद्या पूजा झाली की ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन गेले. पानाच्या खालच्या बाजूला डांबराचे थेंब शिंपडल्यासारखे चकचकीत काळे ठिपके होते. मी नखाने एक खरवडला आणि तो अख्खा निघून आला. खाली पान हिरवे होते. बुरशीचा ठिपका असा निघत नाही, कारण तो पानाच्या मेलेल्या पेशींचाच बनलेला असतो. शिरेच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचा, जाळीदार पंखांचा एक चपटा कीटक बसलेला होता, आणि त्याच्याभोवती काटेरी अंगाची काळपट पिल्ले. कॉक्लोचिला बुलिटा हा तुळशीवर येणारा जाळीदार ढेकूण होता तो. रस शोषल्यामुळे पाने वळली होती आणि काळे ठिपके ही त्याची विष्ठा होती. भिंग माईंच्या हातात दिले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे महिनाभर मी देवाच्या तीर्थात घातली ती पानं…” पुडीवर ज्या पिकांची नावे छापलेली होती त्यांत तुळस नव्हती, आणि फवारल्यावर किती दिवस पाने खाऊ नयेत हे विकणाऱ्याने सांगितलेच नव्हते. त्या प्रसंगाचा मला आजही राग येतो. पान पाहिल्याशिवाय औषध देणे ही गोष्ट इतकी सर्रास चालते की ती चूक आहे, असे देणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही.

पुढे आम्ही तुळशीचे वळलेले शेंडे काढून टाकले, पानांच्या खालून पाण्याची बारीक धार मारली आणि साबणाच्या सौम्य पाण्याने पाने चार-चार दिवसांनी पुसली. मार्गशीर्षात नवी पालवी आली.

तुळशीवर बुरशीचे खरे ठिपकेही येतात, हे अर्थातच विसरून चालणार नाही. सर्कोस्पोराच्या ठिपक्याचा मध्य राखाडी आणि कड गडद तपकिरी असते; मध्य वाळून गळला की पानाला भोक पडते आणि लोक ते अळीने खाल्ले असे समजतात. अळीच्या भोकाला तपकिरी कड नसते. अल्टरनेरियाच्या ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसतात, लाकडाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असतात तशी. कोरिनेस्पोराचे डागही तपकिरी आणि गोलसर, आणि भिंगावर विसंबून यातला नेमका कोणता हे ठरवणे मला जमत नाही; ते ठरवायला सूक्ष्मदर्शकच लागतो. माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकते, तिच्यामुळे मी एकदा ते पाहिले. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा डागावर अलगद दाबायचा, उचलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबावर चिकटवायचा आणि चारशेपट मोठे करून पाहायचे. अल्टरनेरियाचा बीजाणू दिसला तेव्हा तो मारुतीच्या गदेसारखा होता: एक टोक फुगीर, दुसरे निमुळते होत गेलेले, आणि अंगावर आडव्या-उभ्या पडद्यांचे चौकोन. एकदा पाहिल्यावर तो आकार विसरणे शक्य नाही. घरी एवढे करता आले नाही तरी हरकत नाही, कारण या तिन्हींवर कुंडीत करायची कामे सारखीच आहेत.

कोथिंबिरीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. पावसात तिच्या पानांवर येणारे कोनदार, पाणी मुरल्यासारखे डाग पुष्कळदा स्यूडोमोनास सिरिंगी या जीवाणूचे असतात, बुरशीचे नसतात. पान उजेडासमोर धरले तर तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखा तो भाग अर्धपारदर्शक दिसतो. त्यावर लव येत नाही, भुकटी येत नाही. हा रोगही बियांतून येतो, म्हणून अशा कुंडीतले धणे पुढच्या पेरणीला ठेवायचे नाहीत. खोडावर आणि शिरांवर गाठी आल्या तर मात्र ती प्रोटोमायसिस मॅक्रोस्पोरस नावाची बुरशी असू शकते. माझ्या कुंडीत ती कधी आलेली नाही.

गवती चहाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पात्यांची टोके वाळली की लोक घाबरतात, पण ते बहुधा उन्हाचे किंवा क्षारांचे काम असते. टोकाऐवजी पात्याच्या मध्यावर, शिरांना समांतर असे लांबट तपकिरी फोड खालच्या बाजूला दिसले तरच तांबेऱ्याचा संशय घ्यावा, आणि तो पुदिन्याच्या तांबेऱ्याहून वेगळ्या बुरशीचा असल्यामुळे एका कुंडीतून दुसरीत जाण्याची भीती नसते. कढीपत्त्यावरची काळी काजळी म्हणजे कोळशी. ती मावा, सायला किंवा पिठ्या ढेकूण यांच्या गोड चिकट स्रावावर वाढते, पानाच्या आत शिरत नाही आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. कीड घालवली की ती आपोआप थांबते.

ज्या पानाबद्दल भिंगाने निर्णय होत नाही त्याच्यासाठी मी ओल्या डब्याचा उपाय करते. जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला करून पिळलेला टिशू पेपर घालायचा, त्यावर दोन काड्या, काड्यांवर पान पालथे, म्हणजे खालची बाजू वर येईल असे. झाकण लावून डबा रात्रभर अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. केवडा असेल तर सकाळी जांभळट लव उठलेली असते; बुरशीचा करपा असेल तर डागावर काळसर केसांसारखे काहीतरी दिसू लागते; जीवाणू असेल किंवा खतामुळे पान जळलेले असेल तर काहीच उगवत नाही. निकाल पहिल्या चोवीस तासांतलाच धरायचा. तिसऱ्या दिवशी कुठल्याही मरत्या पानावर हिरवी-काळी बुरशी येते, जशी शिळ्या पोळीवर येते, आणि तिचा मूळ रोगाशी संबंध नसतो. अनेकजण इथेच फसतात.

नाव पक्के झाल्यावर कुंडीत करायचे काम तसे थोडेच असते. पाणी सकाळी आणि मातीत घालायचे, पानांवर नाही. दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवायचे. वरच्या मजल्याच्या एसीचे पाणी झाडांवर ठिबकत असेल तर कुंडी सरकवायची; आमच्या बेसिलच्या एका कोपऱ्यात केवडा दर वर्षी आधी येण्याचे कारण तेच होते. रोगट पाने कोरड्या हवेत, दुपारी काढायची आणि पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायची. घरच्या कंपोस्टच्या डब्यात ती घालायची नाहीत, कारण तो डबा बीजाणू मरण्याइतका तापत नाही. बेसिलवर केवडा दिसलाच तर उरलेली निरोगी पाने त्याच दिवशी तोडून पेस्टो किंवा चटणी करून टाकावी, हा सल्ला मी मनापासून देते. पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहून काही वाचत नाही.

पुदिन्याच्या तांबेऱ्यावर एक जुना उपाय आहे, तो मी या वेळी प्रथमच केला. जमिनीखालची धावती खोडे माती धुऊन ४४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवायची, मग थंड पाण्यात गार करून नव्या मातीत लावायची. पाणी त्याहून गरम झाले तर खोड शिजते आणि थंड पडले तर बुरशी वाचते, म्हणून स्वयंपाकघरातला थर्मामीटर पातेल्यात धरून मी सगळा वेळ उभी होते आणि दोनदा गरम पाण्याची भर घातली. नऊ तुकड्यांपैकी सहा फुटले. आज त्यांचा सव्विसावा दिवस आहे आणि प्रत्येकाला आठ-दहा पाने आहेत. सकाळी त्यांतल्या सर्वांत जुन्या पानाची खालची बाजू पांढऱ्या रुमालावर घासून पाहिली. रुमालावर हिरवट ओल उमटली, विटकरी रेघ आली नाही.